चाकावरचा संसार: ओल, वीज आणि मोरीचं पाणी

साताऱ्यातल्या भाड्याच्या फ्लॅटची किल्ली मालकांच्या हातात दिली आणि आम्ही दोघं या टेम्पो ट्रॅव्हलर गाडीमध्ये राहायला आलो, त्याला हा चौथा पावसाळा. पावसाळा लागला की तुमची पत्रंही वाढतात, यावेळी तर निम्म्याच्या वर पत्रं ओल, वास आणि बॅटरीचीच आलीत. सगळ्यांना उत्तर देणं होत नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र घेतलेत. चार दिवस फिरायला कॅरव्हॅन भाड्यानं घेणाऱ्यांना यातलं फारसं काही लागणार नाही, हे बारा महिने गाडीतच चूल मांडणाऱ्यांसाठी आहे.

ताई, मिस्टर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला आहेत त्यामुळं जून ते सप्टेंबर आमची गाडी वनकुसवड्याच्या पठारावर असते, म्हणजे ढगातच म्हणा ना. गादी उचलली तर खाली काळे ठिपके, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, आणि सकाळी उठलं की छताच्या स्क्रूला पाण्याचा थेंब लटकलेला. गाडी बनवून देणारे म्हणतात छत गळतंय, वरून सगळं सिलिकॉन मारून देतो. मारून घेऊ का? (एक वाचिका, पाटण)

वहिनी, थांबा, इतक्यात पैसे देऊ नका. स्क्रूला लटकलेला थेंब ऐकून मला आमचा पहिला जुलै आठवला, आम्हीपण छत गळतंय म्हणून तीन दिवस वर ताडपत्री बांधून बसलो होतो आणि थेंब काही थांबेनात. कारण ते पाणी वरून येतच नव्हतं, ते आमच्याच श्वासाचं होतं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो, दोघांचं झालं अर्धा लिटर, त्यात तुम्ही खिडक्या गच्च लावून आत स्वयंपाक करत असणार. गॅसचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही, एक किलो एलपीजी जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. भाताची, आमटीची वाफ वेगळी, दोरीवर टाकलेला रेनकोट वेगळा. एवढं सगळं पाणी त्या एवढ्याशा डब्यात जाणार कुठं? ते सगळ्यात गार जागा शोधतं आणि तिथं बसतं. छताचा स्क्रू बाहेरच्या पत्र्यात घुसलेला असतो, पत्रा गार म्हणून स्क्रू गार, म्हणून थेंब तिथंच.

आता गळती का दमटपणा ते ओळखायचं कसं? चार-पाच दिवस फक्त बघा आणि लिहून ठेवा. रात्री पाऊस नव्हता तरी सकाळी थेंब आहेत आणि भर दुपारी धो धो पडतोय, खिडक्या फटीएवढ्या उघड्या आहेत तरी थेंब नाहीत, तर तो दमटपणा. उलट थेंब पाऊस पडल्यावरच येतो, एकाच जागी येतो, आजूबाजूला चहासारखा पिवळट डाग पडतोय, बोटानं दाबलं तर प्लाय मऊ लागतोय, तर गळती. तरी खात्री नसेल तर कोरड्या दिवशी पाइप घेऊन एकानं वर पाणी सोडायचं आणि एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, खालच्या जोडापासून सुरुवात करून एकेक जोड पाच-दहा मिनिटं भिजवत वर जायचं. सगळं छत एकदम भिजवलं तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही, कारण पाणी एकीकडून आत येतं आणि पत्र्याच्या आतून वाहत भलतीकडंच टपकतं. आणि समजा गळतीच निघाली तरी जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन मारून घेऊ नका, ते धरत नाही, दोन महिन्यांत सालीसारखं सुटतं. जुनं सगळं खरवडून, पुसून, मग पॉलियुरेथेनचं सीलंट मारायला सांगा.

पण माझं मत विचाराल तर तुमच्याकडं दमटपणाच आहे, कारण गादीखालचे ठिपके. आम्ही पहिल्या वर्षी फोमची गादी थेट प्लायवर टाकली होती, बामणोलीच्या बाजूला आठ दिवस राहून एका सकाळी ती उभी केली तर खाली प्लायवर दोन माणसांच्या आकाराची ओल, खांद्याची, कमरेची जागा अगदी ओळखू यावी अशी, आणि त्या ओलीच्या कडेनं काळी बुरशी. हे तर बघतच राहिले. तो फोम टाकूनच द्यावा लागला, बुरशी फोमच्या आत गेली की निघत नाही. प्लाय साबणाच्या पाण्यानं पुसा, तोंडाला मास्क लावून पुसा, खडखडीत वाळवा आणि मगच रंग लावा. प्लायच्या जागी लाकडाच्या पट्ट्या अंतर सोडून ठोकल्या तर उत्तम, नाहीतर निदान गादीखाली काथ्याची चटई टाका आणि रोज सकाळी गादी उभी करायचीच. रोज म्हणजे रोज.

आणि खिडकी. पावसात खिडकी उघडी ठेवा म्हटलं की लोक माझ्याकडं बघतात, पण दोन बोटं तरी फट हवीच, वाऱ्याच्या उलट्या बाजूची, वर पावसाळी पट्टी लावून, आणि छतातला पंखा हवा बाहेर फेकेल असा हळू सोडून ठेवायचा. गार वाटतं, एक गोधडी जास्त घ्यायची, पण कोरडं झोपायचं. स्वयंपाक करताना पंखा फुल आणि भांड्यावर झाकण. ओले रेनकोट ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, मध्ये पडदा सोडून. बाजारात ओल शोषणाऱ्या डब्या मिळतात त्या बंद कपाटापुरत्या ठीक, अख्ख्या गाडीला त्या पुरत नाहीत.

अजून एक, मिस्टरांना सुट्टी असेल तेव्हा गाडी घेऊन पूर्वेकडं उतरा. आपल्या जिल्ह्याचं हे एक मोठं सुख आहे, महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तेवढ्यासाठी जिल्हा सोडावा लागत नाही. आम्ही पंधरा दिवसांतून एकदा दहिवडी-म्हसवडच्या बाजूला जातो, सगळी दारं, कप्पे उघडे टाकतो, गाद्या टपावर, दोन दिवसांत गाडीचा वास जातो.

माझ्याकडं ४०० वॅट सोलर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे. उन्हाळ्यात काही प्रॉब्लेम नव्हता, आता संध्याकाळी आठलाच इन्व्हर्टर बोंबलतो. मिसेसला इंडक्शन पाहिजे, गॅसची भीती वाटते म्हणते. बॅटरी अजून एक वाढवली की भागेल का? (एक वाचक, मिरज)

दादा, आधी कागद-पेन घ्या. उन्हाळ्यात चांगल्या दिवशी ४०० वॅटचं पॅनल दीड-पावणेदोन युनिट देतं. तुमचा छोटा डीसी फ्रिज अर्धा युनिट खातो, दोन पंखे रात्रभर, लाइट, मोबाइल, लॅपटॉप धरून अजून पाऊण एक युनिट. म्हणजे उन्हाळ्यात जेमतेम भागत होतं, शिल्लक काही पडत नव्हती. ढगाळ दिवसात तेच पॅनल पाव भाग देतं, कधी त्याहून कमी. मग दुसरी बॅटरी घेऊन काय करणार, विहिरीत पाणी नाही आणि तुम्ही हंडे वाढवताय.

शिवाय १५० एएच (अँपिअर-तास, किती अँपिअर किती तास मिळतील त्याचं माप) लिहिलंय म्हणून १५० वापरायची नसते, लेड ॲसिड बॅटरी, तुमची ट्युब्युलर त्यातलीच, अर्ध्याच्या खाली रोज नेली तर ती दीड-दोन वर्षांत बसते. म्हणजे हातात आली ७५ एएच. आता इंडक्शन बघा, १५०० वॅटचा इंडक्शन १२ व्होल्टवर इन्व्हर्टरची तूट धरून १४० अँपिअरच्या आसपास ओढतो. अर्धा तास चालवला, एक कुकर आणि एक भाजी, की तुमची वापरायची सगळी बॅटरी संपली. मिसेसची भीती मला समजते, पण गॅसची भीती घालवायचे उपाय आहेत, ते पुढच्या उत्तरात लिहिलेत.

पावसाळ्यात खरा आधार गाडीच्या इंजिनचा. डीसी टू डीसी चार्जर, म्हणजे गाडी चालताना इंजिनच्या विजेवर आतली बॅटरी भरणारा, बसवून घ्या, ३० अँपिअरचा असला तर मिरज ते सातारा येईपर्यंत ७०-८० एएच भरून निघते. बीएस सिक्स गाडी असेल तर साधा रिले (दोन बॅटऱ्या जोडणारा स्विच) लावून भागत नाही, त्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणारा भाग, स्वतःच्या मनानं व्होल्टेज खाली आणतो आणि आतल्या घराची बॅटरी अर्धीमुर्धीच राहते. पुढं कधी बॅटरी बदलायची वेळ आली तर लिथियम फेरो फॉस्फेट बघा, महाग आहे, पण १०० एएचची बॅटरी जवळपास पूर्ण वापरता येते, वजन बारा-तेरा किलो, ट्युब्युलर उचलायला तर दोन माणसं लागतात. तोवर आहे तिच्यात दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर बघायचं आणि ती बसते तो कप्पा बाहेरून हवा येणारा ठेवायचा, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आणि एक गोष्ट आजच करा. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची केबल हातात धरून बघा किती जाड आहे आणि बॅटरीला लागूनच, एक वीतभर अंतरात, फ्यूज आहे का. आमची गाडी ज्यांनी केली त्यांनी घरातल्या वायरिंगच्या हिशोबानं वायर टाकली होती. एकदा मिक्सर लावला, चटणीच वाटत होते, आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला, मी वास घेत घेत सीटखालचं झाकण काढलं आणि वायरच्या टोकाच्या धातूच्या लगला बोट लागलं तर फोड आला. वायरचं वरचं लाल कव्हर मेणासारखं वाकलं होतं. फ्यूज नव्हताच. अजून पाच मिनिटं मिक्सर चालला असता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही. १२ व्होल्टला माणसाला शॉक बसत नाही म्हणून लोक त्याला खेळण्यातलं समजतात, पण आग लागायची ती अँपिअरनं लागते.

बाथरूममध्ये छोटा गॅस गिझर बसवायचा विचार आहे, पाचगणीत थंडी फार. बसवू का? सिलिंडर कुठं ठेवायचा तेही सांगा. (वाई)

गिझर नाही. गाडीच्या आत उघड्या ज्योतीचा गॅस गिझर अजिबात नाही, खिडकी आहे, एक्झॉस्ट आहे, पाचच मिनिटं लावतो, काही सांगू नका. बंद जागेत हवा कमी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला आधी फक्त गळून गेल्यासारखं वाटतं आणि मग उठता येत नाही. पक्क्या घरांतल्या बाथरूममध्ये माणसं गेलेली आपण दर थंडीत वाचतो, गाडीतलं बाथरूम तर कपाटाएवढं. शेगडीवर पातेलं तापवा आणि बादलीत ओता, आम्ही चार वर्षं तेच करतोय. हिवाळ्यात काळा पाइप टपावर टाकून ठेवला तर दुपारपर्यंत दहा-बारा लिटर पाणी चांगलं कोमट होतं.

सिलिंडर पाच किलोचा घ्या, तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, आपल्यासारख्यांना तेच बरं. ठेवायचा उभाच, पट्ट्यानं बांधून, आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक पाहिजेच. तळाला, वर नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. डिटेक्टर लावाल तोही त्यामुळं पायाच्या उंचीला लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, तो झोपायच्या जागेजवळ. नळीवर आयएसआय मार्क आणि तारीख बघून घ्या, महिन्यातून एकदा जोडांना साबणाचा फेस लावून बघा, आणि गाडी सुरू करायच्या आधी रेग्युलेटर बंद, ही सवय हाताला लागली पाहिजे.

आम्ही रिटायर होऊन नुकतीच गाडी घेतली. सिंकचं आणि संडासचं पाणी कुठं सोडायचं हेच कळत नाही, विचारायलाही लाज वाटते. बरेचजण म्हणतात नदीकाठी गाडी लावायची, सोय होते. सांगलीत घाटावर किंवा हरिपूरला संगमाजवळ महिनाभर मुक्काम करावा असं मनात आहे. (एक काका-काकू, सांगली)

काका, काकू, लाज कसली, या सदरात यायला पाहिजे होता तो हाच प्रश्न आणि तो चार वर्षांत दुसऱ्यांदा आलाय.

नदीत काही म्हणजे काही सोडायचं नाही. साबणाचं पाणी पण नाही. घरात असताना मोरीचं पाणी भोकातून गेलं की आपला संबंध संपतो, गाडीत ते पाणी टाकी भरेपर्यंत आपल्याबरोबर फिरतं आणि मग कुठंतरी व्हॉल्व्ह उघडायचा मोह होतो, रात्रीचं, कुणी बघत नसताना. कासच्या रस्त्यावर मी असं बघितलंय, एक गाडी पठाराच्या कडेला उभी होती आणि खालून फेसाळ पाणी चाललं होतं. त्या पठारावर खडकावर मातीचा जेमतेम थर आहे, तेवढ्यात ती सगळी फुलं येतात, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते युनेस्कोच्या यादीत गेलंय, आणि पलीकडं तो तलाव, ज्याचं पाणी आमच्या साताऱ्यात नळाला येतं. मी खाली उतरून बोलले त्यांच्याशी. त्यांना खरंच माहीत नव्हतं, माणसं वाईट नव्हती.

करायचं असं. सिंकच्या जाळीवर अजून एक बारीक जाळी, खरकटं पाण्यात जाऊच द्यायचं नाही. ताट आधी कागदानं पुसायचं, तेल पुसून घ्यायचं, मग धुवायचं, यानं पाणीही निम्मं लागतं. साबण कमीत कमी. ते पाणी मग गावात शोषखड्डा असतो तिथं, किंवा ज्यांच्या वावरात गाडी लावली त्यांना विचारून केळीच्या, नारळाच्या बुडात. विचारून. ऊसवाले शेतकरी सहसा नाही म्हणत नाहीत. टाकी दोन-तीन दिवसांच्या वर भरून फिरवू नका, उन्हाळ्यात त्या वासानं गाडीत बसवत नाही.

संडासचं. तुमच्याकडं कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी काढून नेता येते ते, असणार, १८-२० लिटरची टाकी, दोघांना तीन-चार दिवस पुरते. ती ओतायची फक्त संडासात, पेट्रोल पंपाच्या, भक्तनिवासाच्या, ओळखीच्या घराच्या, आणि ओतल्यावर दोन बादल्या पाणी टाकून भांडं घासून, पुसून बाहेर यायचं. आमची हायवेवर चार-पाच ठिकाणं ठरलेली आहेत, डिझेल तिथंच भरतो, स्वच्छता करणाऱ्या मावशींना चहापाणी देतो, त्या स्वतः विचारतात यावेळी उशीर झाला का म्हणून. गटारात, ओढ्यात, शेताच्या बांधावर ओतायचं नाही. टाकीत टाकायचं जे निळं केमिकल मिळतं त्यातलं फॉर्मॅलिनवालं घेऊ नका, सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू त्यानं मरतात आणि मग पंपवाल्याची टाकी तुंबते, दुसऱ्यांदा तो येऊ देणार नाही. आम्ही दीड वर्षापूर्वी कॅसेट काढून कोरडं टॉयलेट बसवलं, लघवी वेगळी आणि मैला वेगळा, मैल्यावर कोकोपीटचा थर टाकायचा. वास येतो तो दोन्ही एकत्र झाल्यानं, वेगळं ठेवलं की खरंच येत नाही, पाहुणे विश्वास ठेवत नाहीत. लघवीत आठ-दहापट पाणी घालून झाडांना.

माणदेशातले मेंढपाळ दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन खाली कृष्णाकाठाकडं उतरतात ते तुम्ही बघितलं असेल, घोड्यावर संसार, पुढं मेंढरं. त्यांना शेतकरी स्वतःहून वावरात बोलावतात, मेंढरं बसवायची म्हणून धान्य देतात, कारण उठून गेल्यावर मागं खत राहतं. मला आपल्या मुक्कामाचं तसं व्हावंसं वाटतं, आपण निघून गेल्यावर त्या माणसानं म्हणावं परत या.

आता घाटावरचा मुक्काम. काका, उन्हाळ्यात जरूर राहा, हरिपूरला संध्याकाळी कृष्णा-वारणेच्या संगमावर बसण्यासारखं सुख नाही, पण जून ते ऑक्टोबर नदीकाठ सोडाच. तुम्ही सांगलीचे, २००५, २०१९, २०२१ तुम्हाला मी सांगायला नको. फक्त गाडीत राहणाऱ्याला एक वेगळा धोका असतो. सांगलीत ऊन पडलेलं असतं आणि नदी चढते, कारण पाऊस पडतोय तो तिकडं महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात, आणि धरणातून सोडलेलं पाणी इथं यायला वेळ लागतो, त्यामुळं दारातून बाहेर बघून अंदाज येत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा आणि ४५ फुटाला धोका, हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि रोज पातळी बघा. पण घाटाचा रस्ता, पोटातले ओढे त्याच्या कितीतरी आधी भरतात, मातीत चाक रुतलं तर साडेतीन-चार टनाची गाडी रात्री कोण काढणार. पावसाळ्यात आपला मुक्काम उंचावर, डांबराला लागून आणि तोंड रस्त्याकडं करून.

टाकीच्या पाण्याला वास येतो आणि नळाच्या जाळीवर पांढरं धरतंय. आमच्याकडं बोअरचंच पाणी. (आटपाडी)

पांढरं म्हणजे क्षार, तब्येतीला त्यानं लगेच काही होत नाही पण पंपाची जाळी तुंबते. जाळी काढून लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात तासभर ठेवा, सुटतं. वासाला टाकी धुवावी लागेल. बिनवासाचं पाच टक्क्यांचं ब्लीच, शंभर लिटरला शंभर मिली, टाकी पूर्ण भरून सगळे नळ सोडून वास येईपर्यंत चालवायचे म्हणजे पाइपमध्ये पण जातं, चार-सहा तास ठेवायचं आणि मग ओतून दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवायचं. आम्ही तीन महिन्यांतून एकदा करतो. लिंबूसत्त्व आणि ब्लीच एका दिवशी नाही, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की विषारी वायू होतो. टाकी पारदर्शक असेल तर बाहेरून काळा कपडा शिवून घाला, उजेड गेला नाही की शेवाळ धरत नाही.

पसरणी घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल खाली गेल्यासारखं वाटलं. गॅरेजवाला म्हणतो ब्रेक चांगले आहेत. मग झालं काय? (इस्लामपूर)

वजन. गाडीचं वजन केलंय का कधी? सगळं सामान, भरलेली पाण्याची टाकी, दोन माणसं, सगळ्यासकट? आपल्याकडं यासारखी सोपी गोष्ट नाही, उसाचा पट्टा आहे, दर दहा-पंधरा किलोमीटरला वजनकाटा. आम्ही पहिल्यांदा कराडजवळच्या एका काट्यावर गाडी चढवली, पुढं-मागं उसाचे ट्रॅक्टर, काट्यावरचा मुलगा विचारतो माल काय, हे म्हणाले घर. चिठ्ठी हातात आली तर आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या वर १९० किलो. १५० लिटर पाणी म्हणजेच १५० किलो, १८ एमएमच्या प्लायचा एकेक ताव तीस किलोच्या आसपास, आणि माझी लोखंडी खलबत्त्यापासूनची भांडी. खलबत्ता जावेकडं दिला, एक कपाट काढलं, घाट असेल त्या दिवशी पाणी निम्मंच भरतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं पण करून घ्या, बऱ्याचदा सगळा भार मागं असतो.

उतरताना ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचं, पाय ब्रेकवर ठेवून नाही. वास आला तर रुंद जागा बघून थांबा, गरम ब्रेकवर पाणी ओतू नका, हँडब्रेक आवळून ठेवू नका, चाकाला दगड लावा, अर्धा तास बसा आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव आहे. ब्रेक ऑइल दोन वर्षांच्या वर झालं असेल तर बदला, ते ओल ओढून घेतं आणि गरम झालं की त्यात वाफ धरते, पेडल खाली जातं ते त्यामुळंच. टायरवरचे शेवटचे चार आकडे पण वाचा, २३२० असेल तर २०२० सालचा तेविसावा आठवडा. आपल्या गाड्या कमी फिरतात आणि उन्हात जास्त उभ्या राहतात, नक्षी शाबूत दिसते आणि बाजूला भेगा पडलेल्या असतात, पाच-सहा वर्षांनी बदलाच.

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गावातल्या सुताराकडून आत सगळं करून घेतलं तर आरटीओ पकडेल का? (कोरेगाव)

पकडेल का असं विचारू नका, आधी जाऊन विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायला परवानगी लागते आणि तो आरसीवर चढावा लागतो, मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं मानक आहे, त्यात बसेल असं काम करणाऱ्याकडूनच करून घ्या. इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा. सुतार कितीही चांगला असला तरी अपघातात क्लेम नाकारला गेला तर घर आणि गाडी दोन्ही एकदमच गेलं.

आईला आमच्याबरोबर यायचंय, वय ७२, गुडघे दुखतात, इन्सुलिन चालू आहे. आणायचं का नाही हे ठरत नाही. (तासगाव)

आणा. माझ्या सासूबाई दोन हिवाळे आमच्याबरोबर होत्या, त्या अनुभवावरून सांगते. अडचण गाडीची नसते, पायरीची असते. ट्रॅव्हलरची पहिली पायरी जमिनीपासून गुडघ्याएवढी, म्हणून मध्ये ठेवायला लाकडी पाट करून घ्या, रुंद, खाली रबर मारलेला, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दांडे, एक पुरत नाही. दांडा पत्र्यात नाही, आतल्या चौकटीत बोल्ट करून बसवा. झोपायची जागा खाली आणि टॉयलेटच्या बाजूला, रात्री पायाशी बारीक लाइट. गाडी चालू असताना त्यांना मागं पलंगावर आडवं होऊ द्यायचं नाही, बेल्ट असलेल्या सीटवरच बसवायचं, दर तासाला थांबून पाय मोकळे.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत, आणि छोट्या फ्रिजमध्ये ते मागच्या गार पत्र्याला टेकू देऊ नका, गोठलं की फुकट जातं. आम्ही डबीत कापूस घालून दारातल्या कप्प्यात ठेवायचो आणि शेजारी छोटा थर्मामीटर. चालू असलेली बाटली किंवा पेन सावलीत, गार जागी ठेवलं तर साधारण चार आठवडे चालतं, पण डॅशबोर्डवर कधीच नाही. जाईल त्या गावात डॉक्टर कुठं आहे ते मुक्कामाच्या आधी बघून ठेवा. आणि त्यांना गाडीत एक कप्पा फक्त त्यांचा द्या, सासूबाईंच्या कप्प्यात देव, निरांजन, चुना-काताची डबी आणि सुई-दोरा असायचा, तो उघडून रोज सकाळी नीट लावायच्या आणि मग विचारायच्या, आज कुठं जायचं. निरांजनाला तूपवातीऐवजी बॅटरीचा दिवा आणून दिला होता, पहिले चार दिवस रागावल्या, पडद्याला लागू शकतं म्हटल्यावर ऐकलं.